निवडणूक सुधारायची आहे? आधी बसून घ्या

निकाल लागला, तुमचा माणूस पडला. अभिनंदन. निवडणूक पद्धतीचे अभ्यासक व्हायला याहून चांगला मुहूर्त नाही.

तो निवडून आला असता तर एव्हाना तुम्ही ‘जनता काही दूधखुळी नाही हो’ असं म्हणत दुधाची पिशवी आणायला खाली उतरला असता. पडला, म्हणून पद्धतीत खोट दिसायला लागली. लाजू नका. जिंकलेल्याला पद्धतीतला दोष दिसत नाही आणि हरलेल्याला दुसरं काही दिसत नाही. (जिंकलेले लोकही पद्धत बदलतात, पण अभ्यास न करता बदलतात. त्यांच्याकडे नंतर वळू.)

मी या क्षेत्रात गेली पंधरा वर्षं आहे. या काळात माझ्या हातून एकही पद्धत बदललेली नाही, त्यामुळे अनुभव अगदी निर्भेळ आहे. तेव्हा माझं ऐका.

आधी आकडे पाठ करा. आपल्याकडे ज्याला सगळ्यात जास्त मतं, तो निवडून येतो. निम्मी मतं मिळायलाच हवीत असं नाही. पाच तगडे उमेदवार उभे राहिले तर सव्वीस-सत्तावीस टक्क्यांतही गुलाल उधळता येतो, आणि चारांतल्या जवळजवळ तिघांनी मत न दिलेला माणूस सगळ्यांचा आमदार होतो. १९८४ साली काँग्रेसला देशभरात पन्नास टक्क्यांच्या आत मतं पडली आणि जागा मिळाल्या चारशेच्या वर. २०१४ साली भाजपला एकतीस टक्के मतं आणि २८२ जागा. त्याच वर्षी बहुजन समाज पक्षाला दोन कोटींहून जास्त लोकांनी मत दिलं आणि लोकसभेत त्यांचा एकही खासदार गेला नाही. दोन कोटी लोक, शून्य खुर्च्या.

हे आकडे खरे आहेत आणि म्हणूनच जपून वापरायचे. १९८४ आणि २०१४ एका दमात सांगू नका. सांगितलेत तर तुम्ही निःपक्षपाती ठराल, आणि निःपक्षपाती माणसाला सकाळच्या कट्ट्यावर कोणी चहा विचारत नाही. समोर कोण बसलंय ते बघून एक काढा, दुसरा खिशात ठेवा.

मग परदेश निवडा. निवड सोपी आहे: मुलगा किंवा मुलगी जिथे असेल तो देश. संदर्भाला वजन येतं. जर्मनीत असतील तर ‘तिथे प्रत्येकाला दोन मतं असतात, एक माणसाला, एक पक्षाला’ असं सुरू करा. न्यूझीलंड असेल तर त्यांनी आपल्यासारखी पद्धत १९९३ च्या सार्वमतात सोडून दिली आणि १९९६ पासून जर्मनीसारखी घेतली, हे सांगून एक सुस्कारा सोडा. ऑस्ट्रेलियाची लॉटरी लागली असेल तर प्रश्नच मिटला. तिथे १९१८ पासून मतदार उमेदवारांना पसंतीचे क्रमांक देतात, १९२४ पासून मतदान सक्तीचं आहे, आणि केंद्राबाहेर सॉसेज भाजत असतात. ‘मेलबर्नला नातवाच्या बारशाला गेलो होतो तेव्हा’ या वाक्यानंतर कोणी मधे बोलत नाही. इंग्लंड मात्र टाळा. तिथे २०११ साली पसंतीक्रम आणायचा का म्हणून लोकांनाच विचारलं आणि दोन तृतीयांश लोकांनी ‘नको’ म्हणून टाकलं. असल्या उदाहरणांनी चळवळ खचते.

एकच पथ्य पाळा. पसंतीक्रमाची पद्धत भारतात आहे, हे कोणाला कळू देऊ नका. राष्ट्रपती तसाच निवडला जातो, राज्यसभा तशीच, विधान परिषद तशीच. १९६९ साली तर राष्ट्रपतिपदाचा निकालच दुसऱ्या पसंतीवर लागला. व्ही. व्ही. गिरी पुढे होते, पण निम्म्याहून जास्त मतांचा कोटा पुरा होत नव्हता. मागे नीलम संजीव रेड्डी. आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. देशमुख बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजायला घेतली. त्यातली बहुतेक रेड्डींना गेली, तरी गिरींना जेवढी हवी होती तेवढी मिळाली: ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. म्हणजे देशाचा राष्ट्रपती ठरला तो एका मराठी माणसाला मत देणाऱ्यांनी दोन नंबरवर कोणाचं नाव लिहिलं त्यावरून. ही गोष्ट इतकी चांगली आहे की सांगायचा मोह होईल. आवरा. सांगितलीत की पुढचा प्रश्न ठरलेला आहे: ‘मग विधान परिषदेत एवढे शहाणे लोक निवडून येतात का हो त्या पद्धतीने?’ याचं उत्तर माझ्याकडे पंधरा वर्षं नाही.

त्याहून वाईट म्हणजे कोणीतरी तुम्हालाच विचारेल, ‘पदवीधरला मत दिलंत का?’ विधान परिषदेचा पुणे पदवीधर मतदारसंघ पाच जिल्ह्यांचा आहे आणि तिथे चक्क १, २, ३ असे क्रमांक घालायचे असतात. केंद्रावर ठेवलेल्या जांभळ्या पेनानेच. ‘१’ आकड्यातच लिहायचा. अक्षरात ‘एक’ लिहिलंत तर पदवीसकट मत बाद. म्हणजे तुम्ही ज्या पद्धतीसाठी झुरताय ती दर सहा वर्षांनी पुण्यात येऊन जाते. पण त्या यादीत नाव आपोआप राहत नाही, दर वेळी नव्याने नोंदवावं लागतं. नमुना १८ चा अर्ज, सोबत पदवीच्या प्रमाणपत्राची प्रत. प्रमाणपत्र दिवाणखान्यात आजोबांच्या फोटोशेजारी फ्रेममध्ये, फ्रेमच्या मागे खिळे, खिळे काढायला पक्कड, पक्कड शेजाऱ्यांकडे. मुदत गेली. आयर्लंडकडे वळा. तिथेही असंच मतदान होतं आणि तिथे तुम्हाला कोणी अर्ज मागत नाही.

आता ब्रह्मास्त्र. हे जपून ठेवा, रोज वापरायचं नाही. समजा आपण तिघं रविवारी नाश्त्याला निघालोय. मला मिसळ हवी, ती नसली तर पोहे, तेही नसले तर खिचडी. तुम्हाला आधी पोहे, मग खिचडी, मग मिसळ. आणि सी विंगमधल्या काकांना उपास आहे असं ते म्हणतात, म्हणून आधी खिचडी, मग मिसळ (उपास किती कडक ते बघा), शेवटी पोहे. आता मतदान घ्या. मिसळ की पोहे? मिसळ, दोन विरुद्ध एक. पोहे की खिचडी? पोहे, दोन विरुद्ध एक. मग मिसळ खिचडीला सहज हरवणार, नाही का? घ्या मत. खिचडी, दोन विरुद्ध एक. जे काय निवडाल त्यावर तिघांतले दोघे नाराज, आणि तिघांतला एकही चुकीचा वागलेला नाही.

फ्रान्समध्ये कंडॉर्से नावाच्या गृहस्थांनी हे १७८५ साली लिहून ठेवलं. पुढे केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये गणिताने सिद्ध केलं की तीन किंवा अधिक उमेदवार असले आणि लोक पसंतीक्रम लावत असले, तर न्याय्यपणाच्या चार-पाच साध्या अटी एकाच वेळी पाळणारी पद्धत असूच शकत नाही. त्यांना १९७२ साली नोबेल मिळालं. तुम्हाला या सिद्धान्ताचा उपयोग वेगळा आहे. कट्ट्यावर कोणी एखादी करण्याजोगी सुधारणा सुचवली, म्हणजे उदाहरणार्थ ‘निदान आपल्या प्रभागाचं तरी’ असं कोणी सुरू केलं, की कप खाली ठेवायचा आणि हळू आवाजात म्हणायचं, ‘पण ॲरो?’ संभाषण तिथे संपतं. पूर्ण निर्दोष काही मिळत नाही, मग थोडं बरं तरी कशाला घ्या, असा एक भारदस्त सूर लागतो. मी या एका शब्दावर चार बैठका उधळल्या आहेत.

बोर्दा म्हणून दुसरे एक फ्रेंच होते, आरमारातले. त्यांनी क्रमांकांना गुण देऊन बेरीज करायची पद्धत काढली. लोक मुद्दाम खोटे क्रमांक लावतील, असा आक्षेप आल्यावर ‘माझी पद्धत फक्त प्रामाणिक माणसांसाठी आहे’ असं ते म्हणाल्याचं सांगतात. हे वाक्य पुण्यात खपतं. प्रत्येकाला ते दुसऱ्याबद्दल वाटतं.

मतदान यंत्रांबद्दल मी तुम्हाला वेगळं काही शिकवायला नको. तो विषय काढला की संध्याकाळ सरते. १९८२ साली केरळात परवूरला ती पहिल्यांदा वापरली, कायद्यात तरतूद नाही म्हणून कोर्टाने यंत्रांवरचं ते मतदान रद्द केलं, मग कायदा बदलला, मग चिठ्ठी आली, चिठ्ठी सात सेकंद दिसते, इथपासून सुरू करा. फायदा असा की मतं कशाने मोजायची यावर रात्री दहापर्यंत भांडलं की मोजून झाल्यावर त्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरतच नाही. कागदावर मोजा नाहीतर यंत्रावर, दोन कोटींचं शून्य दोन्हीकडे शून्यच येतं.

‘नोटा’चंही तसंच. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये ‘वरीलपैकी कोणीही नाही’ दुसऱ्या क्रमांकावर आलं, साडेसत्तावीस हजार मतं घेऊन. त्या मतांनी पुढे काय केलं? काही नाही. निषेध नोंदवला गेला. नोंद चांगली ठेवतात आपल्याकडे.

आता एक धोक्याची जागा, जिथे पाय ठेवू नका असं मी कळकळीने सांगेन. पुणे महापालिका. इथे पद्धतीची चर्चा होत नाही, पद्धत नुसती बदलते. २००२ साली एका प्रभागातून तीन नगरसेवक. २००७ ला एक. २०१२ ला दोन. २०१७ ला चार. २०२२ च्या निवडणुकीसाठी पुन्हा तीनचे प्रभाग आखले, नकाशे झाले, हरकती झाल्या, सुनावण्या झाल्या. मग मुंबईत सरकार बदललं आणि तीनचे परत चार झाले. सरकार तेच असलं तरी आकडा बदलतो, सरकार बदललं तर बदलतोच. मी वर म्हटलं ना, जिंकलेले लोकही सुधारणा करतात? त्या या. त्यात कंडॉर्से नाही, ॲरो नाही. समोर नकाशा, हातात पेन्सिल, आणि कुठली वस्ती कुठे टाकली म्हणजे कोण पडतो याची पक्की माहिती.

चारच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा. बटण चारदा दाबायचं. ऐकायला उदार वाटतं, एका मताऐवजी चार मतं! पण प्रत्येक जागेची लढत वेगळी आणि मतदार मात्र तोच अख्खा प्रभाग, साधारण पाऊण लाखाच्या पुढची वस्ती. म्हणजे ज्या पक्षामागे प्रभागातले चाळीस टक्के लोक एकगठ्ठा उभे, तो चारही जागा घेऊन जाऊ शकतो. उरलेले साठ टक्के तीन ठिकाणी वाटले गेले की त्यांच्या हाती भोपळा. एकट्यादुकट्या अपक्षाने पाऊण लाख लोकांपर्यंत पोचायचं कसं, ते त्याने बघावं. शिवाय हिशोब कोणाला विचारायचा हाही प्रश्न सुटतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खड्डा होता. चार नगरसेवक असल्यामुळे त्या खड्ड्याला चार दिशा होत्या, आणि प्रत्येकाच्या मते तो बाकीच्या तिघांपैकी कोणाच्या तरी बाजूला होता. अखेर तो पावसाळ्यात इतका वाढला की खरोखरच चौघांच्या हद्दीत गेला.

याच मुंबई इलाख्यात १९३७ साली एका मतदारसंघातून अनेक जण निवडून देण्याची पद्धत होती. फरक एवढाच की तेव्हा जितक्या जागा तितकी मतं असायची आणि ती सगळीच्या सगळी एकाच उमेदवाराला टाकायची मुभा होती. बाबासाहेब आंबेडकर या पद्धतीचे पुरस्कर्ते. विखुरलेल्या, कमी संख्येच्या लोकांनी आपली सगळी मतं एका माणसावर टाकली तर त्यांचा एक तरी आत जातो, हा त्यामागचा हिशोब. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्या निवडणुकीत तो खरा करून दाखवला. तेच ‘बहुसदस्य’ नाव, आणि एका नियमाने काम बरोबर उलटं. आज पुण्यात अ ची मतं अ ला, ब ची ब ला. आपली चार मतं एकावर टाकायला गेलात तर यंत्रच ऐकणार नाही.

आणि विषय निघालाच आहे म्हणून. निवडणूक पद्धतीवर या शहरात एकदाच खरीखुरी घासाघीस झाली, ती येरवड्याच्या तुरुंगात. सप्टेंबर १९३२. एकीकडे गांधीजींचं उपोषण, रोज खालावणारी प्रकृती. दुसरीकडे स्वतंत्र मतदारसंघ (दलितांचे प्रतिनिधी दलितांनीच निवडायचे असे) मिळालेले असताना ते सोडायला लावले जाणारे आंबेडकर. ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्यातल्या ७१ जागांच्या जागी १४८ राखीव जागा, आधी दलित मतदारांनीच चार जणांचं पॅनेल निवडायचं आणि मग सगळ्यांनी मिळून त्यातला एक, हे सगळं तिथे कलमवार ठरलं. २४ तारखेला या पुणे करारावर सह्या झाल्या. कोणावर काय ओढवून त्या झाल्या, यावर नव्वद वर्षांनंतरही बोलणं संपलेलं नाही. हा भाग कट्ट्यावर काढू नका. काढलात तर मतदानाची पद्धत म्हणजे कोणी आत बसायचं आणि कोणी बाहेर उभं राहायचं याचं भांडण असतं, हे उघडं पडेल, आणि मिसळ-खिचडीची सगळी गंमत जाईल.

खरं सांगायचं तर निवडणुकीतले सगळे दोष एका झटक्यात काढणारी सुधारणा पुण्याने करून दाखवलेली आहे: निवडणूकच घ्यायची नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, आणि तीन वर्षं उलटून गेली तरी प्रशासकच होते. आरक्षणाचा वाद, प्रभागांचा वाद, कोर्टातल्या तारखा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आता घ्या. त्या काळात एकही मत वाया गेलं नाही, एकही उमेदवार कमी टक्क्यांत निवडून आला नाही. मार्च २०२३ मध्ये गिरीश बापट गेल्यावर पुण्याची लोकसभेची जागाही वर्षभर रिकामी राहिली. उच्च न्यायालयाने पोटनिवडणूक घ्या म्हटलं, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि तोवर सार्वत्रिक निवडणूकच दारात आली. वर्षभर लोकसभेत खासदार नाही, हे तुमच्या कधी लक्षात आलं होतं का? मला तर पेपरात वाचल्यावर कळलं.

राहता राहिला मतदानाचा दिवस. त्या दिवशी अभ्यासकाने शहरात असू नये. २०१९ च्या लोकसभेला पुण्यात पन्नास टक्केही मतदान झालं नाही. २०२४ ला आयोगाने तारीख दिली सोमवार, १३ मे. आदल्या दिवशी रविवार, त्याच्या आधी दुसरा शनिवार, वर सुटी भरपगारी. आयोग आपल्यासाठी किती विचार करतो! खंबाटकी घाटात गाड्यांच्या रांगेत आमची अनुपातिक प्रतिनिधित्वावर (म्हणजे जितकी मतं, त्या प्रमाणात जागा) फार चांगली चर्चा झाली. तरी लोकांनी मतदान साडेत्रेपन्न टक्क्यांच्या आसपास नेलंच. नोव्हेंबरात विधानसभेला मग मुद्दाम बुधवार दिला, शहरातल्या लोकांना सुटी जोडून घेता येऊ नये म्हणून. म्हणजे अख्ख्या देशाच्या आयोगाने जी सुधारणा खास तुमच्या-आमच्यासाठी केली ती ही: वार बदलला. कोणी बोट दाखवा म्हटलं तर ऑस्ट्रेलियातल्या वीस डॉलरच्या दंडाचं सांगा. ‘आपल्याकडे दंड नाही ना, म्हणून’ एवढं वाक्य पुरतं.

असो. तुम्हाला हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर येत्या रविवारी आमच्या सोसायटीत या. सर्वसाधारण सभा आहे आणि कमिटीची निवड तिथे जाहीर व्हायची आहे, झालीये ती आधीच. मी पसंतीक्रम पद्धतीची तीन पानी टिपणी करून चौसष्ट फ्लॅटच्या दारांत सरकवली होती. दोन परत आल्या, त्यातल्या एकीच्या पाठीवर इस्त्रीचा हिशोब होता. जागा अकरा, अर्ज सात, आणि त्यातले तीन सेक्रेटरीकाकांनी स्वतः घरोघर जाऊन भरून आणलेले. सातही बिनविरोध. चेअरमनपदासाठी सगळ्यांनी एकमेकांकडे बोट केलं आणि जे औषध घ्यायला घरी गेले होते ते निवडून आले. या पद्धतीवर ॲरोंनी काय म्हटलं असतं कोण जाणे.

सभा दहाला आहे. कोरमला वीस जण लागतात आणि गेल्या वर्षी नऊ होते, त्यात एक लिफ्टवाला. पण काळजी करू नका, आलात काय, नाही आलात काय. नोटिशीत खाली बारीक अक्षरात लिहिलंय: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही. चहा मात्र पहिल्या सभेलाच देतात.